आवक आयर्लंडला, जावक जर्मनीला

उपासनींनी पडद्यावर जगाचा नकाशा दाखवला, तिथंच सगळं बिनसलं. नुसतं 'युरोप' म्हणून त्यांनी विषय सोडला असता, तर आमची सभा चहा येण्याआधी आटोपली असती. पण ते पडले शहरातले, संगणकातले जाणकार, आणि आमच्या संघाचं पाणी त्यांनी कधी चाखलं नव्हतं. नकाशावर निळे ठिपके होते. एकेका ठिपक्यावर लाल उजेड पाडत ते समजावून सांगत होते की, संघाची ईमेल आता जिन्याखालच्या जुन्या संगणकात राहणार नाही, ती क्लाउडवर जाईल. क्लाउड म्हणजे आभाळात काही नसतं. या ठिपक्यांच्या जागी मोठाल्या इमारती आहेत, त्यांत यंत्रं आहेत, आणि तुमची मेल त्या यंत्रांत सांभाळली जाते. संचालक मंडळ माना डोलवत होतं. न समजलेल्या गोष्टीवर माना डोलवण्याचा आमच्या मंडळाला दांडगा सराव होता.

"आणि सगळ्यात मोठी सोय सांगतो," उपासनी म्हणाले, "प्रत्येकाची मेलची पेटी वेगवेगळ्या देशात ठेवता येते. ज्याला जो प्रदेश हवा, तो त्यानं निवडायचा."

मी इतिवृत्त लिहीत होते. पेन खाली ठेवलं. आता चहाच काय, दुपारचं जेवणही इथंच होणार हे मला कळून चुकलं.

आमच्या सप्तवेल द्राक्ष निर्यात संघाची गावं नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेली. कार्यालयाच्या बाजूचे ते अलीकडचे आणि पुलापल्याडचे ते पलीकडचे. संघात जे काही येईल त्याची दोन काठांत वाटणी झालीच पाहिजे, हा आमचा पहिला नियम होता. बाकीचे नियम छापून ठेवलेले होते, हा पाळला जायचा. अध्यक्ष अलीकडचा तर उपाध्यक्ष पलीकडचा. कार्यालय अलीकडे म्हणून कोल्ड स्टोरेज पलीकडे. ट्रकचा वजनकाटा अलीकडे बसवला, तेव्हा पलीकडच्यांनी वर्षभर असहकार पुकारला. शेवटी तोड निघाली. वजन अलीकडे करायचं आणि वजनाची पावती पलीकडे जाऊन घ्यायची. बाहेरून आलेले ड्रायव्हर आमच्या नावानं बोटं मोडत पूल ओलांडायचे, आणि दोन्ही काठांना आपापला मान मिळाल्याचं समाधान असायचं.

मी या संघाची संगणक अधिकारी. माझं माहेर अलीकडचं, सासर पलीकडचं. संगणकाची पदविका माझ्याकडे होती, पण नेमणूक झाली ती या सोयरिकीमुळे. अलीकडचे मला लेक म्हणत, पलीकडचे सूनबाई म्हणत, आणि नोकरीत कायम करण्याचा विषय निघाला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण माझ्यावरूनच निघाली असावी.

ही सगळी उठाठेव हॉलंडच्या एका मेलमुळे सुरू झाली होती. तिथल्या खरेदीदार कंपनीच्या मारायके बाईंनी अगदी सभ्य भाषेत विचारलं होतं की, आमच्या माणसांची नावं, पत्ते, फोन तुमच्या मेलमध्ये असतात, तर ती मेल तुम्ही कुठं साठवता? युरोपात साठवत असाल तर आम्हाला बरं पडेल. खरं उत्तर 'जिन्याखाली, केरसुणीशेजारी' असं होतं. ते कळवण्याची आबासाहेबांना लाज वाटली, म्हणून उपासनींना बोलावलं होतं.

आबासाहेब बोरस्ते आमचे अध्यक्ष, आणि उपाध्यक्ष दत्तूनाना कडलग. दोघांना या प्रश्नात दिसला तो मान. मला दिसत होत्या इंदूताई. इंदूताई माझ्या थोरल्या जाऊबाई. दीर गेले तेव्हा भाऊबंद गोळा झाले आणि बाग कुणाला तरी वाट्यानं द्या म्हणून त्यांच्या मागे लागले. ताईंनी सगळ्यांना चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः बागेत उतरल्या. औषधं, फवारण्या, घडांची विरळणी, सगळं शिकल्या. हॉलंडची ही मेल आली त्या वर्षी ऑक्टोबरच्या छाटणीला त्यांनी पहिल्यांदाच बाग निर्यातीसाठी नोंदवली होती. हॉलंडचा खरेदीदार बिथरला असता, तर ताईंचा माल बेदाण्याच्या शेडवर गेला असता. आणि तोच भाऊबंदांचा गोतावळा परत चहाला आला असता. एकदा आलेले ते लोक बाग घेतल्याशिवाय उठले नसते, हे ताईंनाही ठाऊक होतं आणि मलाही.

असो. सभेत ठिपक्यांची निवड सुरू झाली.

सगळ्यात आधी बापू मोगल उठले. हे अनुभवी बागाईतदार. त्यांनी विचारलं की, यातला सगळ्यात थंड देश कोणता? कारण माल थंडीत टिकतो, हे काय सांगायला पाहिजे? उपासनींनी नॉर्वे दाखवला. बापूंनी आपली पेटी तिथं ठेवायला सांगितली, आणि दार वारंवार उघडू नका, गरम हवा आत जाते, अशी ताकीदही दिली. सुदामरावांची लेक सिडनीला दिलेली. त्यांना ऑस्ट्रेलियाचा ठिपका हवा होता, म्हणजे पोरीचं येता-जाता लक्ष राहील. एक नवखे संचालक चाचरत म्हणाले की, मुंबईतही ठिपका दिसतोय, जवळ पडेल. त्यांच्याकडे सगळ्यांनी असं काही बघितलं की ते पुढं संबंध कारकिर्दीत बोलले नाहीत.

आबासाहेबांनी विचारलं, यातली मोठी इमारत कुठली? उपासनी भाबडेपणानं आयर्लंड म्हणाले. आबासाहेबांनी आयर्लंड घेतलं. त्यावर दत्तूनानांनी विचारलं की, यंत्रं बनवण्यात पुढं कोण? कुणीतरी जर्मनी म्हणालं. नानांनी जर्मनी घेतलं. इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, कारण संचालकांच्या पेट्यांत लग्नपत्रिका आणि सणावारांच्या शुभेच्छांखेरीज काही येत नसे. खरा प्रश्न होता निर्यातीच्या पेटीचा. ती एकच होती, सगळ्या संघाची, आणि मारायके बाईंची मेल तीत यायची.

"ती आयर्लंडला," आबासाहेब म्हणाले.

"ती जर्मनीला," दत्तूनाना म्हणाले.

उपासनींनी हात जोडून सांगितलं की, दोन्ही देश युरोपातच आहेत, हॉलंडवाल्यांना दोन्ही चालतील, तसा काही फरक नाही. फरक नाही, हे वाक्य आमच्या संघात शिवीच्या खालोखाल समजलं जातं. अलीकडचे एका बाजूला सरकले, पलीकडचे दुसऱ्या बाजूला. जेवण आलं. जेवणं झाली. फरक नाही म्हणणाऱ्या माणसाला कुणी दुसऱ्यांदा वाढलं नाही.

तोड काढली ती आबासाहेबांनीच. चाळीस वर्षं सहकारात घालवलेल्या माणसाची बुद्धी ती, तिला यंत्र काय करणार?

"हे बघा नाना," ते म्हणाले, "कागद दोनच प्रकारचे असतात. आवक आणि जावक. संघ स्थापन झाला तेव्हापासून आपण आवक वेगळी ठेवतो, जावक वेगळी ठेवतो. मग मेलला काय वेगळा न्याय आहे? पेट्या दोन करा. येणारी मेल आयर्लंडला उतरेल. जाणारी मेल जर्मनीतून निघेल. आवकेवर माझी सही, जावकेवर तुमची."

नानांनी जरा विचार केला. "पण जावकेचा संगणक पलीकडं बसवायचा. कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात."

"बसवा."

उपासनींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "पण साहेब, उत्तर लिहिणाऱ्याला मूळ मेल दिसणारच नाही. ती दुसऱ्या पेटीत असेल."

"त्यासाठी तर सह्या आहेत," नाना म्हणाले.

उपासनींनी वायरी गुंडाळल्या, सांगितलं तसं करून दिलं, आणि जाताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की, ताई, तुम्ही दुसरीकडे कुठं अर्ज केलाय का?

ठराव मीच लिहिला. आवक पेटी अलीकडच्या कार्यालयात उघडायची, आलेली मेल छापायची आणि अध्यक्षांची सही घ्यायची. मग तो कागद पूल ओलांडून कोल्ड स्टोरेजवर न्यायचा. तिथं उपाध्यक्षांची सही झाली की जावक पेटीतून उत्तर पाठवायचं. एका पेटीतला मजकूर दुसऱ्या पेटीत परस्पर नेऊ नये, असं शेवटचं कलम. आता गंमत अशी की, संगणक उघडता येणारं माणूस आख्ख्या संघात मी एकटीच. म्हणजे आवक वाचणारी मी आणि जावक लिहिणारीही मीच. सकाळी अलीकडं बसून मी मेल वाचायची. मग स्कूटरवरून पलीकडं जाऊन, मघाशी आपण काय वाचलं ते आपल्याला ठाऊकच नाही असा चेहरा करून, सह्यांचा कागद समोर ठेवून उत्तर लिहायची. मधे सह्यांसाठी दोन पुढाऱ्यांची घरं, मळे आणि लग्नमंडप धुंडाळायचे. मारायके बाई बिचाऱ्या सकाळी काही विचारायच्या आणि त्याचं उत्तर त्यांना त्या स्वतः प्रश्न विसरल्यावर मिळायचं. एकदा त्यांनी नाताळच्या शुभेच्छा दिल्या. त्याला आमचं सह्यांसकट उत्तर गेलं तेव्हा संक्रांत होऊन गेली होती.

तरी तोवर निभावलं, कारण द्राक्षं अजून हिरवी होती.

फेब्रुवारीत घडांत साखर उतरायला लागली, आणि नेमकं त्याच वेळी संचालक मंडळाला अभ्यासाची तळमळ लागली. आपली मेल जिथं ठेवली ती जागा डोळ्यांनी बघायला नको? मळा बघितल्याशिवाय आपण सोयरीक तरी करतो का? हा मुद्दा बापू मोगलांनी मांडला आणि तो बिनतोड होता. दौरा ठरला. ऐन हंगामात नको, असं मी सुचवून बघितलं, तर आबासाहेब समजुतीनं म्हणाले, "पोरी, माल काय आम्ही खुडणार आहोत?" ते मात्र खरं होतं.

अर्थात एक दौरा कसा चालेल? दोन निघाले. आबासाहेब अलीकडचे चार संचालक घेऊन आयर्लंडला गेले, दत्तूनाना पलीकडचे चार घेऊन जर्मनीला. बापूंना नॉर्वेला जायचं होतं. पण तिथली थंडी किती ते कळल्यावर, आपली मेल तिथं बरी आहे आणि आपण इथं बरे आहोत, असं ते म्हणाले. दोन्ही दौऱ्यांना विमानतळावर निरोप द्यायला दोन्ही काठांहून वेगवेगळ्या जीप गेल्या.

आणि मग ती मेल आली.

मी सकाळी आवक उघडली. मारायके बाईंनी लिहिलं होतं की, जहाज ठरल्या दिवसाच्या आधी सुटतंय. कंटेनर बुधवारी संध्याकाळी निघालाच पाहिजे. पहिल्या कंटेनरमध्ये कुणाकुणाच्या बागांचा माल येणार ते उद्या सकाळपर्यंत कळवा. कळवलं नाहीत तर आम्हाला ती जागा दुसऱ्यांना द्यावी लागेल, नाइलाज आहे. पहिल्या कंटेनरच्या बागा ठरलेल्या होत्या, तपासणीचे दाखले आलेले होते. तीन बागा अलीकडच्या, तीन पलीकडच्या, आणि पलीकडच्या तिघांत इंदूताई. कळवायचं होतं ते इतकंच की, होय, याच सहा.

मी आबासाहेबांना फोन लावला. वारा सोसाट्याचा ऐकू येत होता.

"आबा, हॉलंडची मेल आलीय. आजच उत्तर पाहिजे."

"अगं, मी मेलच्या दारातच उभा आहे," आबासाहेब खुशीत म्हणाले. "केवढी इमारत आहे, पोरी. आत सोडत नाहीत, पण बाहेरून भक्कम वाटते."

मी मजकूर सांगितला. फोनवरच होकार द्या, परत आलात की सही करा, असं मी म्हणाले.

"तसं कसं? ठराव आहे ना. छापून माझ्या टेबलावर ठेव. आलो की पहिली सही तीच करतो."

आपली मेल ज्या इमारतीत होती तिच्या भिंतीला हात लावून आमचे अध्यक्ष उभे होते, आणि नेमके त्यामुळेच ते ती वाचू शकत नव्हते. मी जर्मनीला फोन लावला. दत्तूनाना एका बागेत काहीतरी खात होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आवकेवर आबांची सही झाली का?"

"नाही नाना, ते तिकडं आहेत."

"मग सूनबाई, ती मेल माझ्यासाठी अजून आलेलीच नाही. जी मेल आलीच नाही, तिला मी उत्तर कसं देऊ?"

मी फोन ठेवला. राग तर आला होताच, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. मग कागद छापून ठरावाप्रमाणे आबांच्या टेबलावर ठेवला आणि स्कूटर काढून ताईंच्या बागेत गेले.

ताई ओळींमधून हात मागे बांधून फिरत होत्या. घड तयार होते. एक मणी तोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला आणि जहाजाचं सांगितलं, दोन्ही फोनचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. आबांना किंवा नानांना एक शब्द वाईट बोलल्या नाहीत, उद्याच्या मजुरांना काय सांगायचं एवढंच स्वतःशी पुटपुटल्या. मग खाली बसून मातीतलं एक पान उगाच उचललं आणि चुरगाळलं.

"बेदाणा होईल," त्या म्हणाल्या. "बेदाणापण विकतातच लोक."

"मी उत्तर पाठवते, ताई."

"वेड लागलं का? नोकरीवरून काढतील तुला. घरच्या मालासाठी केलं म्हणतील."

"घरच्या मालासाठीच करतेय."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. नको, असं त्या दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत.

मी तिथून निघाले, ती कोल्ड स्टोरेजवर जाऊन जावक उघडली आणि सहा बागांची नावं कळवून टाकली. कंटेनर बुधवारी संध्याकाळी भरून निघेल, असं खाली लिहिलं. हॉलंडहून लगेच आभार आले. ते अर्थात आयर्लंडला उतरले, त्यासाठी मला परत पूल ओलांडावा लागला. मंगळवारपासून सहाही बागांत खुडणी सुरू झाली. बुधवारी कंटेनर गेला. त्याच्या मागं ताई पुलापर्यंत चालत गेल्या, आणि परत येऊन इतकं रडल्या की मला काही सुचेना. दीर गेल्यानंतर त्या रडलेल्या मी बघितलंच नव्हतं.

दोन्ही दौरे एकाच दिवशी परत आले. आधी कोण पोहोचलं यावरून पुढं वाद झाला. सत्कार दोन झाले. फोटो दोन्हीकडचे सारखेच होते. सूट घातलेले पाच जण, मागे एक मोठी भिंत, भिंतीला खिडकी नाही. त्या भिंतीआड आपलीच मेल होती का बिस्किटं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. पण अहवालात 'सुरक्षा समाधानकारक' असं नमूद झालं.

सत्कारांत महिना गेला, मग माझी सभा लागली. कंटेनर गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, त्याबद्दल कुणीच बोललं नाही. विषय होता सह्यांचा. माझी सही नसताना आवक फुटली कशी, असं आबासाहेबांनी विचारलं. माझी सही नसताना जावक सुटली कशी, असं दत्तूनानांनी विचारलं. उत्तर पाठवलं नसतं तर सहा जणांचा माल अडकला असता, असं मी सांगितलं. त्यावर अलीकडचे एक संचालक म्हणाले की, ही शेवटी पलीकडची सून, जावेसाठी केलं. लगेच पलीकडचे एक म्हणाले की, ही शेवटी अलीकडची लेक, माहेरच्या तीन बागा पहिल्या नंबरावर लिहिल्या. मी वर्णानुक्रमे लिहिलं होतं.

"माफी माग, विषय मिटवू," आबासाहेब म्हणाले. मनानं माणूस वाईट नव्हता.

"माफी कशाची मागू, आबा?" मी म्हणाले. "मेल आली होती. तिला उत्तर दिलं."

मला कमी करण्याचा ठराव आबासाहेबांनी मांडला आणि दत्तूनानांनी अनुमोदन दिलं. विरोध नाही, तटस्थ नाही, दुरुस्तीची सूचना नाही. संघ स्थापन झाल्यापासून दोन्ही काठांनी एका आवाजात मंजूर केलेला तो पहिला ठराव. सगळ्यांनाच जरा गहिवरून आलं. बापू मोगल तर म्हणाले की, अशी एकी द्राक्षाच्या भावासाठी दिसली असती तर बरं झालं असतं. पण ते इतिवृत्तात घ्यायला तोवर लिहिणारं कुणी उरलं नव्हतं. मी पेन खाली ठेवलं होतं.

बाहेर पडतेय तोच आबासाहेबांनी हाक मारली.

"पोरी, ती तुझी नोटीस. मेलनं पाठवायची पद्धत आहे."

"मग पाठवा."

आबांनी नानांकडे बघितलं, नानांनी आबांकडे. जावक कशी उघडतात, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी तेही मीच केलं. पूल ओलांडला, कोल्ड स्टोरेजवर बसून स्वतःला कामावरून काढल्याचं पत्र टाइप केलं, शुद्धलेखन तपासलं आणि जर्मनीतून सोडलं. मग ते पोहोचल्याची पोच घ्यायला परत अलीकडे आले. आवकेत माझ्या नोटिशीच्या वरच मारायके बाईंची नवी मेल होती. माल उत्तम पोहोचला होता. विशेषतः इंदुमती बाईंच्या बागेचा. दुसरा कंटेनर देऊ शकाल का, लवकर कळवा.

मी ठरावाचा मान राखला. मेल छापली, आबासाहेबांच्या टेबलावर सहीसाठी ठेवली, वर पेपरवेट ठेवलं, आणि घरी गेले. संघाचं उत्तर दोन्ही सह्यांनिशी महिन्याभरानं गेलं, असं पुढं कळलं. सविस्तर उत्तर होतं म्हणे.

ताईंना मात्र मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात पिठानं भरलेले होते, तरी फोन मागितला.

"मला लिहिता येईल का गं थेट त्या बाईंना?"

"का नाही येणार?"

त्यांनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं, आणि पाठवायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं. शेजारच्या गावातल्या एका निर्यातदाराचं पॅकहाऊस आम्ही माल निवडून भरायला मिळवलं. ताईंच्या मागोमाग आणखी बागाईतदार आले, आधी पलीकडचे, मग अलीकडचेही, आणि सगळ्यांची मिळून ताईंनी कंपनी काढली. त्याला आता बरीच वर्षं झाली. ताईंच्या कंपनीत आज मी काम करते, आणि संघाच्या दोन्ही पेट्या अजून युरोपात आहेत, सुरक्षित, रिकाम्या.

पण त्या पहिल्या आठवड्यातली एक गोष्ट राहिलीच. मी सकाळी बागेत गेले तर ताई फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या. एकेक अक्षर हुडकून स्वतःच इंग्रजीत काहीतरी लिहीत होत्या.

"काय विचारलं बाईंनी?"

"तेच. तुमची मेल कुठं साठवता म्हणून."

"अहो, मग मला तरी विचारायचं. काय लिहिलंत?"

"खरं ते लिहिलं. कुठं साठते ते मला ठाऊक नाही. आली की मी वाचते, आणि वाचली की उत्तर देते."

"मग?"

ताईंनी फोन माझ्यापुढं धरला. बाईंचं उत्तर येऊन पडलंसुद्धा होतं. लिहिलं होतं की, आमच्या फॉर्मातल्या त्या रकान्याचं आम्ही आमच्याकडून बघून घेतो, तुम्ही फक्त खुडणी कधी सुरू करताय ते सांगा.